मानेत गाठ नाही, मग मान का कापायची?

मामांच्या जिभेच्या डाव्या कडेला एक व्रण होता. दाताची कड लागत असेल म्हणून दोन महिने हळद-मध लावण्यात गेले. मग दाताच्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला आणि बायोप्सीत कॅन्सर निघाला. तीस वर्षांचा तंबाखू-चुना. आकार तसा लहान, दोन सेंटिमीटरच्या आसपास. सोनोग्राफी झाली, एमआरआय झाला, मानेत कुठेही गाठ दिसली नाही. आम्हाला जरा हायसं वाटलं. पण सर्जन म्हणाले, जिभेचा तेवढा भाग काढू आणि त्याच वेळी डाव्या मानेतले नोड्सही काढून घेऊ.

मामींनी फाइलची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. त्या म्हणाल्या, "पण डॉक्टर, मानेत काही नाही असं रिपोर्टात लिहिलंय ना? मग मान का कापायची?"

त्याच आठवड्यात आम्ही आणखी एका डॉक्टरांना दाखवलं होतं. ते म्हणाले होते, आत्ता फक्त जीभ करा, मानेवर लक्ष ठेवू, गाठ आलीच तर तेव्हा बघू. दोघेही अनुभवी, दोघेही तळमळीने सांगत होते. घरात दोन तट पडले. मामा स्वतः काहीच बोलत नव्हते, बोलताना जीभ दुखत होती.

मामींचा प्रश्न अगदी रास्त होता. याच प्रश्नावर जगभरातले सर्जन कित्येक दशकं वाद घालत होते, आणि त्याचं भक्कम उत्तर मिळालं ते मुंबईत, परळला. ते उत्तर कसं मिळालं हे समजलं, की कॅन्सरच्या ऑपरेशनचे निर्णय "पुराव्यावर" घेतात म्हणजे नेमकं काय करतात, हेही समजतं.

आधी नोड्सबद्दल. आपल्या मानेत लसिका ग्रंथी असतात, दवाखान्यात सगळे त्यांना नोड्स म्हणतात. निरोगी असताना बहुतेक शेंगदाण्याहून लहान. तोंडातून, जिभेतून, घशातून येणारा द्रव त्या गाळतात. जिभेच्या कॅन्सरमधून सुटलेल्या पेशी बहुतेक वेळा पहिल्यांदा इथेच अडकतात. काही हजार पेशींचा पुंजका मात्र बोटाला लागत नाही आणि सोनोग्राफीतही दिसत नाही. रिपोर्टात "मानेत गाठ नाही" असं लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा खरा अर्थ "दिसण्याएवढी गाठ नाही" असा असतो.

एका गटाचं म्हणणं असं, की लपलेला आजार वाढायच्या आत काढून टाका. दुसरा गट म्हणायचा, बहुसंख्य लोकांच्या मानेत काहीच नसतं, त्यांना उगाच मोठं ऑपरेशन कशाला? मानेतून खांद्याकडे जाणारी एक नस असते. तिला ओढ बसली तर हात वर उचलायला त्रास होतो, खांदा ओघळतो. त्यापेक्षा नीट तपासत राहू, गाठ आली की काढू. दोन्ही बाजूंना अनुभव होता आणि बरे झालेल्या रुग्णांची उदाहरणंही होती. चाचण्याही झाल्या होत्या, पण त्या इतक्या लहान, एकेकीत शंभराच्या आत रुग्ण, की त्यावरून ठाम काही म्हणता येत नव्हतं.

२००४ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठी चाचणी सुरू केली. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात आहे आणि मानेत गाठ लागत नाही, अशा रुग्णांची संमती घेऊन चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाची मान तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच केली, म्हणजे मानेतले नोड्स काढले. दुसऱ्या गटाची मान गाठ दिसली तरच करायची होती. दहा वर्षांत ५९६ रुग्ण सहभागी झाले. स्वतंत्र देखरेख समितीच्या निर्णयानुसार पहिल्या ५०० जणांचे निकाल तपासले गेले आणि २०१५ मध्ये ते 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आले.

तीन वर्षांनंतर पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातले ६७.५ टक्के. आजार न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या गटात ६९.५ टक्के आणि दुसऱ्यात ४५.९ टक्के होतं.

या आकड्यांपाशी थोडं थांबू या. ८० आणि ६७.५ मधला फरक साडेबारा. म्हणजे साधारण आठ जणांची मान आधीच केली, तर तीन वर्षांच्या हिशोबात त्यातला एक जण जास्तीचा वाचतो. एखादं नवं, लाखो रुपयांचं औषध एवढा फरक दाखवतं तेव्हा वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी येते. इथे औषध नव्हतं, यंत्र नव्हतं. तेच ऑपरेशन, तेच सर्जन, फक्त ते आत्ता करायचं की नंतर, एवढाच प्रश्न होता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आधीच मान केलेल्या गटात त्रास झालेल्यांचं प्रमाण ६.६ टक्के होतं, थांबलेल्या गटात ३.६ टक्के. आणि आधी मान केलेल्यांपैकी साधारण दहातल्या तिघांच्याच नोड्समध्ये लपलेला कॅन्सर सापडला. उरलेल्या सात जणांच्या मानेत काढण्यासारखं काही नव्हतं. पण ते सात कोणते, हे आधी कुणालाच सांगता येत नव्हतं.

चिठ्ठी का टाकायची?

माणसांच्या जिवाचा प्रश्न आणि चिठ्ठ्या टाकायच्या? मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. जुन्या फायली काढून, ज्यांची मान केली आणि ज्यांची नाही केली त्यांची तुलना करता येणार नाही का?

करता येते, पण ती फसवते. समजा गावात दहा जणांनी नवं बियाणं लावलं आणि त्यांचं पीक जोमात आलं. नंतर कळलं, की नवं बियाणं परवडलं तेच मुळी विहीर असलेल्यांना. कोरडवाहूवाल्यांनी जुनंच पेरलं होतं. आता श्रेय बियाण्याचं की पाण्याचं? यातून सुटायचा मार्ग एकच. एकाच रानात वाफे पाडायचे आणि कोणत्या वाफ्यात कोणतं बियाणं जाईल हे चिठ्ठीवर सोडायचं. ही पद्धत खरोखर शेतीतूनच आली आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात तिची शास्त्रीय मांडणी केली. नंतर ती औषधांच्या चाचण्यांत आली आणि सगळ्यांत शेवटी, बऱ्याच विरोधानंतर, ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचली.

विरोधाची कारणं समजण्यासारखी आहेत. गोळीची चाचणी करताना अर्ध्या लोकांना तशीच दिसणारी साधी गोळी देता येते. कॅन्सरच्या ऑपरेशनचं सोंग करता येत नाही. शिवाय प्रत्येक सर्जनचा हात वेगळा. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे, पंचवीस वर्षं जे ऑपरेशन आपण मन लावून केलं, त्याबद्दल "याने फायदा होतो की नाही मला माहीत नाही" असं रुग्णासमोर म्हणायला मोठं मन लागतं. तरीही चाचणी नैतिक ठरते ती याच अटीवर, की जाणकारांना उत्तर खरंच माहीत नाही, रुग्णाला सगळं समजावून त्याची संमती घेतली आहे, आणि मध्येच एक बाजू स्पष्ट वरचढ दिसली तर थांबवण्याचा अधिकार असलेली समिती बाहेर बसलेली आहे.

मामांचा विषय निघाला की लोकांना वाटतं, पुरावा म्हणजे "अजून कापा" असं सांगणारा कागद. स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास बरोबर उलटा आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हॉल्स्टेड यांनी एक ऑपरेशन रूढ केलं, १८९४ मध्ये त्याबद्दल लिहिलं. पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. कॅन्सर एका जागेवरून पायरीपायरीने बाहेर सरकतो, म्हणून जितकं रुंद कापाल तितकं बरं, अशी त्यामागची समजूत होती. त्या जागी आजार उलटण्याचं प्रमाण खरोखर घटलं, त्यामुळे सगळ्यांची खात्री पटली. सुमारे पाऊणशे वर्षं जगभरच्या बायका हे ऑपरेशन सोसत राहिल्या. छाती खोलगट व्हायची, हात सुजून जड व्हायचा.

पिट्सबर्गचे सर्जन बर्नार्ड फिशर (रोनाल्ड फिशरांशी फक्त आडनाव जुळतं) यांनी साधा प्रश्न विचारला. जागेवर आजार उलटत नाही हे ठीक, पण बाई जास्त जगते का? १९७१ मध्ये त्यांच्या गटाने पहिली मोठी चाचणी सुरू केली. छातीचे स्नायू काढा किंवा ठेवा, पंचवीस वर्षांनंतरही जगण्यात फरक दिसला नाही. मग १९७६ पासून १,८५१ स्त्रियांवर पुढची चाचणी झाली, त्यात पूर्ण स्तन काढण्याची तुलना फक्त गाठ काढण्याशी केली. इटलीत मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी ७०१ स्त्रियांबरोबर तेच तपासत होते. दोन्ही चाचण्यांचे वीस वर्षांनंतरचे निकाल २००२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'च्या एकाच अंकात आले: जगण्याचं प्रमाण सारखंच.

त्यातही एक बारकी गोष्ट होती. फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं नाही, तर वीस वर्षांत त्याच स्तनात आजार उलटण्याचं प्रमाण ३९.२ टक्के होतं. रेडिएशन दिलं तर १४.३ टक्के. म्हणजे स्तन वाचवायचा तर रेडिएशन, ज्याला आपल्याकडे बरेच जण "शेक" म्हणतात, ते बहुतेक वेळा हवंच. त्यासाठी काही आठवडे रोज मशीनखाली जावं लागतं. गडचिरोलीच्या आतल्या गावातल्या बाईला ते मशीन किती लांब आहे, राहायचं कुठे, घरी गुरं कोण बघणार, हे प्रश्न कोणत्याच शोधनिबंधात नसतात. दोन्ही वाटांनी आयुष्य तेवढंच आहे हे पुरावा सांगतो. वाट मात्र त्या बाईने निवडायची असते, तीही तिला नीट समजावून सांगितल्यावर. "स्तन काढला तरच वाचाल" हे एवढंच सांगून सही घेतली गेली असेल, तर तिच्यावर अन्याय झाला असं मी म्हणेन.

दिसतं तसं नसतं

अनुभव कसा फसवतो याचं मला सगळ्यांत जास्त शिकवणारं उदाहरण पुन्हा परळचंच आहे. स्तनाचा कॅन्सर पहिल्याच तपासणीत हाडात किंवा फुप्फुसात पसरलेला सापडला, तर मूळ गाठ काढायची का? जुन्या नोंदी चाळून केलेल्या बऱ्याच अभ्यासांत दिसायचं, की गाठ काढलेल्या स्त्रिया जास्त जगल्या. पण ऑपरेशनला निवडल्या कोण जायच्या? वयाने लहान, तब्येतीने धडधाकट, आजार कमी पसरलेल्या. विहीर असलेल्यांचं बियाणं! डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने ३५० स्त्रियांची चिठ्ठी टाकून चाचणी केली, निकाल २०१५ मध्ये आला. मूळ गाठीवर उपचार केलेल्या गटात निम्म्या स्त्रिया १९.२ महिन्यांपर्यंत जगल्या, न केलेल्या गटात २०.५ महिन्यांपर्यंत. फायदा नाहीच. तुर्कस्तानातल्या एका चाचणीत बऱ्याच वर्षांनी काहीसा फायदा दिसला, त्यानंतरच्या अमेरिकेतल्या चाचणीत पुन्हा दिसला नाही. म्हणून अशा स्त्रीला आज सरसकट ऑपरेशन सांगत नाहीत. गाठ फुटून वाहायला लागली, त्रास देऊ लागली, तर तो त्रास कमी करायला ती काढतात.

हे नातेवाइकांच्या गळी उतरवणं फार कठीण असतं. "काढत नाहीत म्हणजे हात टेकले" असं वाटतं. माझ्या ओळखीच्या एका घरात यावरून मुलांनी आईला तिथून हलवलं आणि दुसरीकडे ऑपरेशन करून घेतलं. जखम भरेपर्यंत औषधं लांबली. त्यांच्या प्रेमात काही कमी नव्हतं, त्यांना कुणी शांतपणे पंधरा मिनिटं बसून समजावलं नव्हतं.

नवं म्हणजे चांगलं, लहान भोक म्हणजे कमी धोका, हेही असंच डोक्यात बसलेलं असतं. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये पोट उघडून ऑपरेशन करण्याऐवजी दुर्बिणीने किंवा रोबोटने करण्याची पद्धत रुळली. रक्त कमी जातं, पेशंट लवकर घरी जातो, सगळे खूश. मग जगभरातल्या ३३ केंद्रांत मिळून ६३१ स्त्रियांची चाचणी झाली. २०१८ मध्ये निकाल आला तेव्हा सर्जन हादरले. साडेचार वर्षांनंतर आजार न उलटता राहिलेल्या स्त्रिया पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के आणि दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के होत्या. या एका निकालाने अनेक देशांतली रीत बदलली. दुर्बीण वाईट असं यातून कुणी काढू नये, आतड्याच्या कॅन्सरमध्ये ती चाचण्यांत टिकली आहे. ज्या अवयवाचा पुरावा त्याच अवयवाला लावायचा.

आणि "सुरी लागली की कॅन्सर पसरतो" ही आपल्याकडची भीती? तिच्यापायी किती जणांनी बायोप्सी टाळून आजार वाढवून घेतला असेल! ऑपरेशन टाळायला ते कारण होऊच शकत नाही, हे वरच्या सगळ्या आकड्यांवरून दिसतंच. पण ऑपरेशनच्या वेळी होणाऱ्या हालचालीत काही पेशी सुटत असतील का, आणि ते रोखता येईल का, हा प्रश्न मात्र शास्त्रज्ञांनी गांभीर्याने घेतला. डॉ. बडवे यांच्याच गटाने भारतातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर चाचणी केली. दात काढताना हिरडीत टोचतात ते लिग्नोकेन, तेच स्वस्त भुलीचं औषध, स्तनातली गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती टोचलं. पाच वर्षांनंतर हयात असलेल्या स्त्रिया टोचलेल्या गटात ९०.१ टक्के आणि न टोचलेल्या गटात ८६.४ टक्के होत्या. हा निकाल २०२३ मध्ये छापून आला. एवढ्या साध्या गोष्टीने एवढा फरक, म्हणून तो इतर देशांतही पुन्हा तपासला जावा असं बरेच जण म्हणतात, आणि ते योग्यच आहे. एक चाचणी म्हणजे एक साक्षीदार. तो कितीही विश्वासू असला, तरी दुसऱ्या साक्षीदाराने तेच सांगितलं की खात्री वाढते.

मामांच्या बाबतीत हे सगळं कसं वापरलं गेलं ते सांगतो. मोठ्या केंद्रांत एकटा डॉक्टर असा निर्णय घेत नाही. सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले, स्कॅन वाचणारे आणि तुकडा तपासणारे एकत्र बसतात, त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. मामांची केस त्यांच्यासमोर गेली. एमआरआयवर व्रण सहा मिलिमीटर खोल दिसत होता. हे खोलीचं माप महत्त्वाचं होतं. परळच्या चाचणीत तीन मिलिमीटरपर्यंत उथळ असलेल्या रुग्णांत आधी मान करण्याचा फायदा ठळक दिसला नव्हता, अर्थात तसे रुग्ण थोडेच होते. मामा त्या उथळ गटात बसत नव्हते. मी विचारलं, सगळे नोड्स न काढता पहिला एखाद-दुसराच काढून तपासता येत नाही का? सर्जन खूश होऊन म्हणाले, येतो, फ्रान्स आणि जपानमधल्या चाचण्यांत ती पद्धत बरोबरीची ठरली आहे, पण त्यासाठी लागणारी यंत्रणा आणि हातखंडा आमच्याकडे अजून नाही.

हे शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटलं. पुरावा सगळीकडे सारखा असतो, तो अमलात आणणारे हात सारखे नसतात. अमेरिकेतल्या वयस्क रुग्णांच्या नोंदींचा २००२ मधला एक अभ्यास आहे. स्वादुपिंडाचं मोठं ऑपरेशन अगदी क्वचित होणाऱ्या रुग्णालयांत त्यानंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १६.३ टक्के होतं, नेहमी होणाऱ्या रुग्णालयांत ३.८ टक्के. म्हणून "तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशन्स करता?" हे विचारताना संकोचू नये. तसंच विचारावं, की नाही केलं तर काय होईल, माझ्या वयाचे आणि माझ्यासारखे मधुमेह असलेले लोक त्या चाचणीत होते का, आणि दहा जणांपैकी किती जणांना फायदा होतो? टक्क्यांपेक्षा "दहापैकी किती" असं विचारलं की उत्तर घरातल्या सगळ्यांना कळतं. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

शेवटी मामींनी एकच विचारलं, "थांबलो तर दर महिन्याला तपासायला यावं लागेल ना?" गावाहून एक फेरी म्हणजे दोघांचं भाडं, दोन दिवसांची मजुरी आणि पावसाळ्यात नदीवरचा पूल. मामांनी पाटीवर लिहिलं: एकदाच करा.

ऑपरेशन झालं. दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला. मानेतून २८ नोड्स निघाले होते, एकातही कॅन्सर नव्हता. मामी माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे उगाचच कापली का रे?"

मी त्यांना दहातल्या सात जणांचं सांगितलं. आपण त्या सातांतले निघालो, हे मान न उघडता कळायचा मार्ग नव्हता. आणि नोड्स स्वच्छ, जिभेच्या काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ म्हणून रेडिएशनही लागलं नाही, हेही त्याच रिपोर्टाने ठरवलं. त्यांना पटलं की नाही, ठाऊक नाही. त्यांनी रिपोर्ट घडी करून फाइलच्या सगळ्यांत पुढे लावला.

मामांचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. फिजिओथेरपीवाल्या मुलीने भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सांगितला. ओसरीच्या भिंतीवर मामी रोज सकाळी पेन्सिलने खूण करतात, कालच्यापेक्षा बोटं किती वर गेली त्याची. गेल्या रविवारी गेलो तेव्हा सगळ्यांत वरची खूण देवळीच्या कडेला टेकली होती.